राखणदाराचं वय

“अध्यक्ष महोदय, अठरा वर्षांची मुलगी नवरा घेऊन घरी आली, तर कायदा तिच्या डोक्यावर अक्षता टाकतो. तीच मुलगी बाटली घेऊन घरी आली, तर कायदा तिला चौकीवर नेतो. या दोहोंपैकी जास्त डोकेदुखी कशानं होते, ते सभागृहातल्या विवाहित सदस्यांनीच सांगावं.”

मी हे म्हटलं, तेव्हा सभागृहात विवाहित सदस्य एकच होते. आमचे राज्यशास्त्राचे नाडकर्णी सर. आणि तेच अध्यक्ष होते. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला आणि टेबलावरची घंटा वाजवली. पण ती इतकी उशिरा आणि इतकी हळू वाजवली, की सभागृह आणखीच हसलं.

हे सभागृह म्हणजे आमच्या कॉलेजचा हॉल. सत्त्याण्णव सालचा डिसेंबर, शनिवारची दुपार. नाडकर्णी सर दरवर्षी टी. वाय.च्या मुलांची अभिरूप विधानसभा भरवायचे. कोणी मुख्यमंत्री व्हायचं, कोणी विरोधी पक्षनेता, आणि एक विधेयक मांडून त्यावर रीतसर चर्चा आणि मतदान करायचं. त्या वर्षीचं विधेयक होतं, दारू पिण्याचं कायदेशीर वय पंचवीसवरून अठरावर आणण्याचं.

विषय सरांनी उगाच निवडला नव्हता. आमचं तालुक्याचं गाव सिंधुदुर्गाच्या पार दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीपासून एसटीनं चाळीस मिनिटांवर. आमच्याकडे दारूचा परवाना मिळायला पंचवीस पुरी व्हावी लागायची आणि हद्दीवरच्या नाक्यापलीकडे अठरा चालायची. म्हणजे आमच्या वर्गातली मुलं दुपारच्या गाडीत बसली, की चाळीस मिनिटांत सात वर्षांनी मोठी व्हायची आणि संध्याकाळच्या गाडीनं पुन्हा लहान होऊन घरी यायची.

कोणी काय व्हायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. मला, हेमांगी धुरीला, चिठ्ठीत उत्पादन शुल्क मंत्री निघाला. वर्गात हशा झाला, कारण माझे बाबा, महादेव धुरी, त्या नाक्यावर उत्पादन शुल्क खात्यातच जवान होते. जवान म्हणजे खात्यातली सगळ्यांत खालची पायरी. गोव्याहून येणाऱ्या गाडीत चढायचं, माणसांच्या पिशव्या हाताळायच्या, कुठे काचेचा आवाज येतो का ऐकायचं, हे त्यांचं काम. चिठ्ठीनं मला माझ्याच बापाची मंत्री केलं होतं, आणि वर ज्या कायद्यावर बापाचं घर चालत होतं तोच मोडून टाकायचं काम माझ्याकडे दिलं होतं.

विरोधी पक्षनेता निघाला पास्कल फर्नांडिस. त्यावरही वर्ग हसला. नाताळात पास्कलकडे अर्धं कॉलेज फराळाला जायचं ते नुसत्या फराळासाठी नव्हे, हे सगळ्यांना माहीत होतं. पास्कल मात्र हसला नव्हता. त्यानं चिठ्ठीची चौकोनी घडी घालून खिशात ठेवली होती.

मी तोवर दारूचा थेंबही चाखला नव्हता. मला एकवीस पुरी व्हायला महिना होता आणि माझी सगळी तयारी वाचनालयातली आणि घरच्या ओटीवरची. ओटीवरची जास्त. कारण माझ्या भाषणातला हुकमाचा पत्ता बाबांच्या गोष्टीत होता.

ती गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली होती, की आई ऐकता ऐकता झोपायची आणि बरोब्बर शेवटाला जागी होऊन हसायची. पाहुणा आला की बाबा ती काढायचेच. मी सभागृहात ती नाव न घेता सांगितली.

“अध्यक्ष महोदय, पाच वर्षांपूर्वीची घटना. नाक्यावर एक जवान गाडी तपासतो आहे. मागच्या बाकावर एकोणीस वर्षांचा मुलगा. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात बाटली. जवान विचारतो, परवाना? मुलगा म्हणतो, साहेब, माझी नाही. आमच्या गावच्या राखणदाराला द्यायची आहे.”

राखणदार म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. गावाच्या वेशीवर बसून गाव सांभाळणारा देव. वर्षातून एकदा त्याला कोंबडा देतात आणि वर बाटली ओततात. न दिली तर तो रागावतो, आणि रागावलेला राखणदार परवाना वगैरे मानत नाही.

“जवान विचारतो, राखणदाराचं वय किती? मुलगा विचार करतो आणि सांगतो, साहेब, पंचवीसच्या वर असणार. माझ्या आजोबांच्या आजोबांपासून आहे.”

इथे हॉल कोसळला. मी थांबले, आवाज खाली बसू दिला आणि मग शेवट केला. जवानानं टॉवेलाची घडी होती तशी घातली, पिशवी मुलाच्या मांडीवर ठेवली, आणि सांगितलं, “मग परवाना तेच्या नावाचो,” आणि गाडीतून उतरला. अध्यक्ष महोदय, मी म्हटलं, नाक्यावरच्या साध्या जवानाला जे कळलं, ते या सभागृहाला कधी कळणार?

टाळ्या पडत असताना मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. बाबा तिथे होते. सुट्टी नव्हती, पण आईनं हट्ट केला म्हणून ड्युटीवर जायच्या आधी गणवेशातच येऊन बसले होते. सगळे हसत होते आणि बाबा आपल्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, लाजले.

मग पास्कल उठला. त्यानं कागद आणला नव्हता. त्यानं त्याच्या मोठ्या भावाबद्दल सांगितलं. पंचवीसच्या आत असताना भाऊ चोरून प्यायचा आणि चोरून प्यायचं म्हणजे कमी प्यायचा. जागा शोधावी लागे, साथीदार शोधावा लागे, तोंडाचा वास जाईपर्यंत फिरत राहावं लागे. पंचविसावा वाढदिवस झाला आणि त्यानं परवाना काढला. त्यानंतर त्याला कसलाच शोध घ्यावा लागला नाही. “मंत्री महोदयांना हा कायदा विनोदी वाटतो,” पास्कल म्हणाला. “मलाही वाटायचा. माझी एवढीच विनंती आहे, की आमच्या घरात जे पंचविसाव्या वर्षी सुरू झालं, ते कोणाच्या तरी घरात अठराव्या वर्षी सुरू करून देऊ नका.”

पण हॉलमध्ये बहुसंख्य सदस्य एकोणीस-वीस वर्षांचे होते, आणि त्यांना स्वतःच्या खिशातला प्रश्न दिसत होता. चौतीस विरुद्ध बावीस मतांनी विधेयक मंजूर झालं. नाडकर्णी सरांनी घंटा वाजवली आणि जाहीर केलं, की सभागृह या विधेयकाला संमती देत आहे.

इथे हे प्रकरण संपायला हवं होतं. पण कार्यक्रमाला एका स्थानिक दैनिकाचा वार्ताहर आला होता. त्यानं सगळं मन लावून लिहून घेतलं आणि सोमवारच्या अंकात पहिल्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, ठळक अक्षरांत बातमी आली: ‘मद्यपानाचे वय आता अठरा. विधेयक बहुमताने मंजूर.’ खाली माझं भाषण जवळजवळ शब्दशः. उत्पादन शुल्क मंत्री कु. हेमांगी धुरी यांनी काय सांगितलं, विरोधी पक्षनेते श्री. फर्नांडिस यांनी काय इशारा दिला, मतं किती पडली, सगळं अचूक. फक्त ‘अभिरूप’ हा एक शब्द रकान्यात बसत नव्हता, म्हणून कोणीतरी काढून टाकला होता.

सोमवारी दुपारपर्यंत खात्याच्या कचेरीत तेरा फोन आले. त्यांतला एक हायवेवरच्या परमिट रूमवाल्याचा होता. त्याला कायदा कोणत्या तारखेपासून लागू होतो ते हवं होतं, कारण खुर्च्या वाढवायच्या होत्या. एका आजीबाईंचा फोन आला. त्यांचं म्हणणं, मंत्री बाई असून असं कसं करते.

आणि गोव्याहून येणाऱ्या दुपारच्या गाडीनं आमच्याच कॉलेजातली दोन मुलं नाक्यावर उतरली. पिशवीत बिअरच्या सहा बाटल्या, हातात पेपर. त्यांनी बाबांच्या समोर पेपर धरला आणि सांगितलं, की कायदा झाला आहे, वाचा. बाबांनी पेपर घेतला, झाडाच्या सावलीला गेले, चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. ती मुलं दहा मिनिटं उन्हात उभी. मग बाबा आले आणि पेपराची घडी घालून परत देत म्हणाले, “विधेयक पास झाला, ह्या खरां. पण राज्यपालांची सही रवली हा. सही झाली की येवा.”

बाटल्या जागच्या जागी गटारात ओतल्या गेल्या. हे मला त्यांतल्याच एकानं मंगळवारी कॅन्टीनमध्ये सांगितलं. बापाला काय सांगून ठेवलंस, म्हणून तो माझ्यावरच चिडला होता. मी पोट धरून हसले. घरी गेल्यावर बाबांना चिडवायचं ठरवलं होतं, पण घरी गेले तर ओटीवर बाबा एक कागद हातात घेऊन बसले होते आणि आई त्यांच्याकडे न बघता तांदूळ निवडत होती.

तो मेमो होता. वरच्या साहेबांनी बुधवारी अकरा वाजता समक्ष बोलावलं होतं. वृत्तपत्रात आलेल्या मजकुरावरून असं दिसतं, की नाक्यावरील एका जवानानं विनापरवाना मद्य बाळगणाऱ्या इसमास कारवाई न करता सोडून दिलं. सदर मजकूर सांगणारी व्यक्ती आपली मुलगी आहे. खुलासा करावा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हसवायच्या नादात मी भर सभागृहात माझ्या बापाची नोकरी वाचून दाखवली होती. गुन्हेगाराला सोडणं म्हणजे खात्यात सगळ्यांत वाईट. त्याबद्दल माणसं निलंबित होत. आणि बाबांची पेन्शनला सात वर्षं राहिली होती.

मी बाबांना म्हटलं, की मी बरोबर येते. ते नको म्हणाले. मी म्हटलं, भाषण मी केलं आहे. ते पुन्हा नको म्हणाले. आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, “घेवन जावा तेका. मंत्री झाली ना, मगे निस्तरूंदे.”

साहेबांचं नाव निंबाळकर. घाटावरचे, दणकट, मिशा कोरलेल्या. बाबांनी मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि स्वतः आत गेले. मी दोन मिनिटं बसले आणि मग न विचारता आत गेले. बाबा टेबलासमोर सावधान उभे होते. टेबलावर पेपर पसरलेला, आणि माझ्या राखणदाराच्या गोष्टीखाली लाल शाईनं दोन रेघा.

साहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“तू मंत्री का?”

“शनिवारपुरती, साहेब.”

“बस. मला एकच सांग. तुझ्या भाषणातला हा जवान कोण?”

मी रात्रभर नाडकर्णी सरांच्या नोट्स वाचल्या होत्या. मला माहीत होतं काय बोलायचं ते.

“साहेब, सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल सदस्याला बाहेर जाब विचारता येत नाही. कोर्टातसुद्धा. घटनेतच तसं आहे.”

साहेबांच्या मिशा हलल्या. “अगं बाई, ते खऱ्या सभागृहाला. तुमचं सभागृह खोटं.”

“होय, साहेब. सभागृह खोटं, मंत्री खोटी, मंजूर झालेला कायदा खोटा. मग त्यातला तेवढा जवानच खरा कसा?”

साहेबांनी खुर्ची मागे रेलली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना हसू येत होतं की राग, हे मला आजही सांगता येणार नाही. आज मी वकिली करते, आणि समोरच्याचा चेहरा वाचणं माझ्या धंद्याचा भाग आहे, तरीही नाही सांगता येणार.

मग ते बाबांकडे वळले. आवाज बदलला.

“धुरी, पोरगी हुशार आहे. पण मला उत्तर तुमच्याकडून पाहिजे. असं काही घडलं होतं का? कोणाला सोडलं होतं तुम्ही?”

त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं. बाबा पुन्हा गप्प. मला वाटलं, झालं. खोटं बोलायला जमत नाही आणि खरं बोलायची सोय नाही. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले. साहेब आता निलंबनाचा कागद मागवणार, याची मी वाट बघत होते.

साहेबांनी कागद मागवला, पण तो कोरा होता. त्यांनी स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या. ‘वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर महाविद्यालयीन कार्यक्रमातील असून त्यातील जवान ही व्यक्ती काल्पनिक आहे.’ आणि कागद बाबांपुढे सरकवला. बाबांनी तो वाचला. पेन हातात घेऊन ते बराच वेळ थांबले. शेवटी सही केली.

दारातून निघताना साहेबांनी मला हाक मारली. “मंत्रीबाई, खरोखरच तुमच्या हातात असतं, तर किती वय ठेवलं असतं?”

“चिठ्ठीत निघेल ते, साहेब,” मी म्हटलं, आणि बाबांच्या मागून पळाले.

रस्त्यात मी तरंगत चालले होते. मी बापाची नोकरी वाचवली होती, तीही घटनेचा आधार घेऊन. स्टँडवर गाडीला अर्धा तास होता. बाबा स्टँडच्या मागच्या कट्ट्यावर जाऊन बसले, मी लिंबू सरबताचे दोन ग्लास आणले. त्यांनी आपला ग्लास बाजूला ठेवला.

“तो जवान काल्पनिकच होतो,” ते म्हणाले.

मी हसले. मला वाटलं, थट्टा करताहेत.

“तसो जवान कोण नव्हतोच, हेमा. मी तेका सोडूक नाय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाडी, मागचा बाक, पिशवी, टॉवेल, सगळं खरं होतं. राखणदाराचं वय विचारलं तेही खरं, मुलानं उत्तर दिलं तेही खरं. पण सभागृहात मी जिथे थांबले होते, तिथे आख्खी गाडी हसली होती. ड्रायव्हर हसला, कंडक्टर हसला, टोपलीवाल्या बायका हसल्या. आणि बाबांना वाटलं, ही माणसं मला हसताहेत. “माका राग इलो,” ते म्हणाले. तेवढंच. त्यांनी मुलाला कॉलर धरून खाली उतरवलं, सगळ्यांसमोर बाटली ओतली आणि केस घातली. पुढे तीन महिन्यांनी त्यांना कळलं, की त्या मुलाची नौदलात निवड झाली होती. पोलीस पडताळणीत केस निघाली आणि नोकरी गेली.

“पयल्यांदा घरात सांगूक बसलंय, तेव्हा खरांच सांगूचा होता. तू नि तुझी आवस हसत होतास. शेवटाक इलंय आणि तोंडातसून दुसरांच गेला.”

मला पहिल्यांदा काय सुचलं असेल, तर वकिली प्रश्न. केस घातली होती, म्हणजे रजिस्टरला नोंद होती. साहेबांनी विचारलं तेव्हा एवढं सांगितलं असतं, की मी सोडलं नाही, केस घातली, नंबर अमुक, तर मेमो तिथल्या तिथे फाटला असता. बाबांवर बालंट यायचं कारणच नव्हतं.

“मगे हापिसात सांगूक नाय कित्या?” मी विचारलं.

बाबांनी सरबताचा ग्लास उचलला, त्यातलं बर्फाचं पाणी हलवलं.

“तू थयसर बसलं होतंस.”

गाडी लागली तरी आम्ही उठलो नाही. ती गाडी गेली. पुढची यायला पाऊण तास होता. मी त्यांना त्या मुलाचं नाव विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं, दिगंबर मेस्त्री, आणि गावही सांगितलं, आणि तो हायवेला वेल्डिंगचं दुकान चालवतो हेही सांगितलं. पाच वर्षं ते त्याची माहिती ठेवून होते. दुकानासमोरून आठवड्यातून सहा वेळा जात होते आणि एकदाही गाडीतून उतरले नव्हते.

रविवारी आम्ही उतरलो. मीच ओढत नेलं म्हणा. दिगंबर दुकानामागच्या घराच्या पडवीत पंपाचं काहीतरी दुरुस्त करत होता. हाडकुळा, उंच, कपाळावर वेल्डिंगच्या ठिणगीचा डाग. बाबा साध्या कपड्यात होते, तरी त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

“मी धुरी,” बाबा म्हणाले.

“वळाखलंय.”

त्यानं खाट पुढे ओढली. आम्ही बसलो. आतून त्याच्या आईनं कोण आलं म्हणून विचारलं आणि तो म्हणाला, नाक्यावरचे. बाबांनी घसा साफ केला आणि त्याला सांगितलं, की मी तुझी गोष्ट पाच वर्षं घरी वेगळीच सांगतो आहे. दिगंबरनं विचारलं, कशी? मग बाबांनी त्या पडवीत बसून, पाहुण्यांना सांगायचे तशीच ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. राखणदाराच्या वयापाशी दिगंबर हसला. टॉवेलाची घडी घालून पिशवी मांडीवर ठेवली तिथे त्यानं मान खाली घातली. गोष्ट संपल्यावर तो जमिनीकडे बघत म्हणाला, “बरी आसा. पण एक चूक आसा तेच्यात.”

“खयची?”

“बाटली राखणदाराची नव्हती.”

बाबांनी मान वर केली.

“माझीच होती,” दिगंबर म्हणाला. “सकाळी नेव्हीचा पत्र इला होता. आमी चौघे दोस्त. तळ्यार बसून पियाची होती.” मग त्याच्या आवाजाला धार आली. त्या वर्षी त्यानं बाबांना फार शिव्या घातल्या होत्या, आणि त्यांतली एकही आज परत घ्यावीशी वाटत नाही, असं तो सरळ म्हणाला. बाबांनी मान हलवली. “पण एक विचारूचा होता. मी खरां सांगलं असतंय, नोकरी लागली म्हणान घेतलंय, तर तुमी सोडलं असतांत?”

बाबांनी उत्तर द्यायला इतका वेळ घेतला, की दिगंबरची आई चहा ठेवून आत निघून गेली.

“माहीत नाय,” ते म्हणाले. “थोडोसो विचार केलो असतो. तेवढां नक्की.”

दिगंबरनं ते ऐकलं आणि का कोण जाणे, हसला. आधी हळू आणि मग मोठ्यानं. मग बाबाही हसायला लागले. बाबांना मी इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. गोष्ट सांगताना ते दुसऱ्यांना हसवायचे, स्वतः हसत नसत. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी चहा प्यायले.

निघताना बाबांनी त्याला वय विचारलं.

“चोवीस. मे म्हयन्यात पंचवीस.”

“मगे मे म्हयन्यात येतंय,” बाबा म्हणाले.

आयुष्यात कधी थेंब न घेतलेला माझा बाप हे बोलला, आणि बोलल्याप्रमाणे गेलाही. मे महिन्यात त्यांनी स्वतःच्याच खात्यातून एक दिवसाचे दोन परवाने रीतसर काढले. कारकुनानं दोनदा नाव विचारलं, म्हणे. गोव्याची नव्हे, आपल्याकडचीच एक छोटी बाटली घेतली, पिशवीत ठेवली, आणि आम्ही पुन्हा त्या पडवीत गेलो. बाबांनी दोन्ही परवाने खाटेवर मांडले, त्यांवर पाना ठेवला म्हणजे वाऱ्यानं उडू नयेत, आणि मगच झाकण फिरवलं. पहिला घोट घेतल्यावर त्यांचं तोंड असं झालं, की दिगंबरनं घाईघाईनं गुळाचा खडा पुढे केला. पण त्यांनी ग्लास संपवला. दिगंबरनंही संपवला. नौदलाबद्दल कोणी बोललं नाही. पंपाच्या किमतीबद्दल, मिरवेलींबद्दल, पास्कलच्या भावाला गोव्यात दवाखान्यात ठेवलं आहे त्याबद्दल बोलणं झालं.

अर्धी बाटली उरली होती. दिगंबरनं आतून तिसरा ग्लास आणला आणि माझ्यासमोर ठेवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे जरा लाल झाले होते, पण नजर नाक्यावरचीच होती.

मला पंचवीस व्हायला अजून साडेतीन वर्षांहून जास्त अवकाश होता. मी ग्लास पालथा घातला आणि दिगंबरच्या आईला हाक मारून चहा मागितला.